अनशापोटीच्या गोळीचा इतिहास

आज मी थायरॉईडच्या गोळीचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया आणि सनावळ्या आठवतात. बी.ए.ला मीही तेच शिकले. पण आपल्या घरात फळीवर जी छोटी पांढरी बाटली असते, तिलाही इतिहास आहे आणि तो दीडशे वर्षांचा आहे. हा विषय घ्यायचं कारण म्हणजे आपल्या गटांमध्ये ही गोळी घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण ती जशी घ्यायला हवी तशी घेणाऱ्या थोड्या. दवाखान्यात सांगतात, "सकाळी उपाशीपोटी घ्या." का, ते सांगायला कुणाला वेळ नसतो, मागे रांग असते. मग घरी आल्यावर अनशापोटीची गोळी चहाबरोबर जाते, चहाची बिस्किटाबरोबर जाते, आणि सहा महिन्यांनी बाई म्हणते, "गोळी चालू आहे, पण फरक काही नाही."

हा आजार किती जणांना असतो? २०१३ साली आपल्या देशातल्या आठ शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई होती, गोवाही होता. ५,३६० मोठ्या माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरात जवळजवळ अकरा जणांना थायरॉईडची कमतरता निघाली. पुरुषांपेक्षा बायका जास्त. हा शहरांचा आकडा आहे, पण आपल्या एका गटात दहा-बारा जणी असतात हे लक्षात घ्या.

ग्रंथी कुठे असते ते आधी सांगते. गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीच्या खाली, फुलपाखरू पंख पसरून बसावं तशी ती असते. तिच्यातून जो रस रक्तात उतरतो तो सगळ्या अंगाचा वेग ठरवतो. हृदयाचे ठोके, पोट साफ होणं, अंगातली ऊब, पाळी, केस, कातडी, डोक्याचा तल्लखपणा, सगळं त्याच्यावर चालतं. आपल्याकडे गळ्याच्या गाठीला गलगंड म्हणतात आणि हा शब्द सुश्रुतसंहितेत आहे, इतका जुना आहे. गाठ डोळ्यांना दिसते म्हणून ती सगळ्यांना माहीत होती. पण गाठ नसताना ग्रंथी आतल्या आत मंदावली तर काय होतं, हे जगाला कळायला फार उशीर झाला.

ते प्रथम नीट लिहिलं गेलं लंडनमध्ये. १८७३ साली विल्यम गल नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांच्या सभेपुढे आपल्या पाहण्यातल्या पाच रुग्णांची हकीकत मांडली. पाचही बायका होत्या. त्यातल्या एकीची पाळी गेल्यानंतर ती हळूहळू सुस्त होत गेली, अंगानं वाढत गेली, चेहरा गोल आणि सुजल्यासारखा झाला, जीभ जाड झाली, बोलणं जड झालं. तोपर्यंत ती चांगली हिंडतीफिरती, कामाची बाई होती. गल यांना कारण सापडलं नाही, औषध तर नाहीच. पण त्यांनी एक केलं. ही बाई आळशी आहे, खाऊन सुस्तावली आहे असं न म्हणता, हा आजार आहे असं त्यांनी लिहून ठेवलं.

यावर मला थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याकडे आजही एखादी सून सकाळी उठेना झाली, भांडी घासताना मध्येच बसली, वजन वाढलं, विसरायला लागली, की पहिला शब्द काय येतो? "अंगचोर झालीय." तिची ती स्वतःही तेच म्हणते. गावात एखादीला पाच-सहा वर्षं हेच ऐकून घ्यावं लागतं, आणि मग कधीतरी बाळंतपणाच्या वेळी किंवा पिशवीच्या तपासणीच्या निमित्तानं रक्त काढतात तेव्हा कळतं की गळ्यातली ग्रंथी कधीच दमली होती. गल यांच्या त्या पाच बायकांची लक्षणं मी वाचली तेव्हा मला आपल्याच बैठकीतले चेहरे दिसले.

पुढे १८७८ साली विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला मिक्सिडीमा असं नाव दिलं. पण खरा धागा हाती लागला तो स्वित्झर्लंडमध्ये, आणि तो फार दुःखाच्या वाटेनं लागला. स्वित्झर्लंड हा डोंगराळ देश. तिथल्या मातीत-पाण्यात आयोडिन कमी, त्यामुळे गावोगाव गलगंडाच्या मोठाल्या गाठी. बर्न शहरातले थिओडोर कोखर हे या गाठी काढण्यात अत्यंत निष्णात. त्यांच्या आधी या शस्त्रक्रियेत बरीच माणसं दगावायची, त्यांच्या हातून फार कमी दगावली. गाठीबरोबर ते कधीकधी पूर्ण ग्रंथीच काढून टाकायचे, कारण तिचा उपयोग काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८७४ साली त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशी पूर्ण काढली. पुढे काही वर्षांनी जिनिव्हाच्या रेव्हर्डिन या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की अशा रुग्णांमध्ये नंतर काहीतरी बिघडतं आहे. तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून घेतलं. संपूर्ण ग्रंथी काढलेले जे १८ जण तपासायला आले, त्यातल्या १६ जणांची तब्येत ढासळलेली होती. ती मुलगीही आली. शस्त्रक्रियेच्या वेळी तिची धाकटी बहीण तिच्यासारखीच दिसायची, फक्त उंचीनं कमी. नऊ वर्षांनी ती धाकटी मोठी, भरली बाई झाली होती, आणि थोरली लहान मुलीएवढीच खुजी राहिली होती, चेहरा सुजलेला, बुद्धी मंदावलेली. १८८३ साली कोखर यांनी हे सगळं डॉक्टरांच्या सभेत स्वतः उभं राहून सांगितलं आणि यापुढे पूर्ण ग्रंथी काढायची नाही असं ठरवलं. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. शस्त्रक्रियेतलं कौशल्य हे त्याचं कारण होतंच, पण आपल्याच हातचं नुकसान जगापुढे मांडणारा माणूस म्हणून मला ते जास्त मोठे वाटतात.

१८८३ सालीच लंडनमध्ये फेलिक्स सेमॉन यांनी म्हटलं, की गल यांच्या त्या सुस्तावलेल्या बायका आणि कोखर यांचे ग्रंथी काढलेले रुग्ण यांचा आजार एकच आहे, दोघांच्या अंगात ग्रंथीचा रस नाही. त्यावर एक समिती बसली. तिनं शंभरावर रुग्णांची माहिती जमवली, त्यात बहुतेक बायकाच, आणि १८८८ साली अहवाल दिला की सेमॉन म्हणतात ते खरं आहे.

आता कमी काय पडतंय ते कळलं. जे कमी आहे ते बाहेरून द्यायचं, हे आपल्याला सोपं वाटतं. तेव्हा ते कुणाला सोपं वाटत नव्हतं. १८९० साली पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात दोन डॉक्टरांनी मेंढीची अर्धी ग्रंथी एका बाईच्या कातडीखाली बसवली. तिला चटकन बरं वाटू लागलं, इतक्या चटकन की ती ग्रंथी रुजून कामाला लागली असेल हे शक्यच नव्हतं. म्हणजे ग्रंथी जिवंत राहायची गरज नाही, तिच्यातला रस अंगात गेला तरी पुरतं.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी हे धरलं. वय अवघं २५-२६. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून टोचायचा, असा विचार त्यांनी डॉक्टरांच्या बैठकीत मांडला, तर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांची थट्टा केली. मरे यांनी कत्तलखान्यातून ताज्या ग्रंथी आणल्या, ग्लिसरीनमध्ये अर्क काढला, आणि १८९१ साली एका ४६ वर्षांच्या बाईला तो टोचायला सुरुवात केली. काही महिन्यांत तिच्या चेहऱ्याची सूज उतरली, बोलणं मोकळं झालं, ती घराबाहेर हिंडू लागली. ती बाई पुढे २८ वर्षं जगली आणि १९१९ साली ७४व्या वर्षी वारली. ती गेल्यावर मरे यांनी हिशोब मांडला, जसा आपण गटाचा वर्षअखेरीचा मांडतो तसा. आयुष्यभरात तिच्या पोटात सुमारे पाच लिटर अर्क गेला होता आणि त्यासाठी ८७०हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या.

या २८ वर्षांत तिनं औषध सोडलं नाही. "बरं वाटतंय, मग कशाला घेऊ?" हा प्रश्न आपल्याकडे दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. तिला बरं वाटत होतं ते औषध चालू होतं म्हणूनच. ताप उतरला की तापाची गोळी थांबवतात, पण ही गोळी ताप उतरवणाऱ्या जातीची नाही. विहिरीला पाणी राहिलं नाही तर रोज टँकर लागतो, तशी ही आहे. काही जणींची, विशेषतः बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथी, पुन्हा कामाला लागते आणि डॉक्टर गोळी बंद करतात, हेही होतं. पण ते रक्त तपासून ठरवायचं असतं, अंदाजानं नव्हे.

मरे यांनी सुई वापरली. पुढच्याच वर्षी, १८९२ साली, तिघा डॉक्टरांनी वेगवेगळ्या ठिकाणी दाखवलं की सुईचीही गरज नाही, ग्रंथी नुसती खाल्ली तरी काम होतं. त्यातले प्लिमथचे फॉक्स यांची पद्धत मला फार गंमतीची वाटते. मेंढीची अर्धी ग्रंथी थोडी परतायची, बारीक चिरायची, आणि आंबटगोड फळांच्या जेलीला लावून आठवड्यातून एकदा खायची. म्हणजे आपली गोळी सुरुवातीला कालवणासारखी चुलीवर तयार व्हायची.

या कालवणातून दोन गोष्टी कळतात, आणि दोन्ही आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली, हा रस पोटात टिकतो. साखरेच्या आजारात जे इन्सुलिन देतात ते गिळलं तर पोट त्याला अन्नासारखं पचवून टाकतं, म्हणून तिथे सुई घ्यावी लागते. थायरॉईडचा रस लहान रेणूंचा आहे, तो आतड्यातून तसाच रक्तात उतरतो. आपल्याला रोज सुई टोचून घ्यावी लागत नाही ती यामुळे. मात्र आतड्यापर्यंत तो एकटा गेला पाहिजे, याबद्दल पुढे बोलते.

दुसरी गोष्ट, फॉक्स आठवड्यातून एकदाच द्यायचे आणि तरी फरक पडायचा. कारण हा रस अंगात फार सावकाश संपतो. आज जेवढा आहे त्यातला निम्मा सात दिवसांनीही शिल्लक असतो, त्याच्या निम्मा पुढच्या सात दिवसांनी. म्हणून एक दिवस गोळी चुकली तर घाबरायचं कारण नाही. त्या दिवशी आठवण झाली आणि पोट रिकामं असेल तर घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीची एक. मनानं दोन-दोन घेऊ नका. हरतालिकेला पाणीसुद्धा न पिणाऱ्या बायका विचारतात, त्यांनाही हेच उत्तर. गरोदर बाईनं मात्र गोळीही चुकवू नये आणि निर्जळी उपासही करू नये. पाण्याचा घोट चालत असेल अशा बाकीच्या उपासांना गोळी घ्यायचीच.

पण हा सावकाशपणा फसवतोही. गोळी बंद केली तर चार दिवस काही जाणवत नाही. बाईला वाटतं, बघा, काही होत नाही. मग तीन-चार आठवड्यांनी हळूहळू थकवा चढतो आणि तोवर गोळी सोडल्याचं ती विसरलेली असते. उलटंही तसंच. गोळी सुरू केली की दुसऱ्या दिवशी ताजंतवानं वाटेल असं नाही. डॉक्टर गोळीची पॉवर बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात ते याचसाठी. पंधरा दिवसांत तपासलं तर आकडा अर्ध्या वाटेवरचा येतो आणि पैसे जातात.

ग्रंथी खायच्या त्या काळात एक अडचण होती. प्रत्येक मेंढीच्या ग्रंथीत रस सारखा नसतो. कमी पडला तर आजार तसाच, जास्त झाला तर छातीत धडधड, हात कापणं, घाम, झोप उडणं. वजन उतरतं हेही लोकांच्या लक्षात आलं आणि थोड्याच काळात बारीक होण्यासाठी या गोळ्या विकायला लागल्या. ते खूळ अजून गेलेलं नाही. ज्यांची ग्रंथी ठीक आहे त्यांनी वजनासाठी ही गोळी घेणं हृदयाला धोक्याचं आहे, अमेरिकेत तर औषधाच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापावा लागतो. जावेची गोळी आपण घेऊन बघणं यातच आलं.

नेमकं मोजून देता यावं म्हणून ग्रंथीतलं मूळ द्रव्य वेगळं काढायला हवं होतं. ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी काढलं, १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी. पुढे त्यांनी तीन टन डुकरांच्या ग्रंथींमधून जेमतेम ३३ ग्रॅम द्रव्य मिळवलं. त्याला थायरॉक्सिन म्हणतात. १९२७ साली लंडनमध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं, आणि १९५० नंतरच्या दशकात आजच्यासारखी गोळी बाजारात आली. माळकरी मावश्या मला विचारतात, "यात प्राण्याचं काही असतं का गं?" आपण घेतो त्या गोळीतलं थायरॉक्सिन कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं, मेंढीचं किंवा डुकराचं नसतं.

बाटलीवर २५, ५०, ७५, १०० असे आकडे असतात, ते मायक्रोग्रॅमचे. किती कमी ते सोन्यावरून सांगते. एक ग्रॅम सोनं आपल्याला माहीत आहे, मंगळसूत्रातले दोन-चार मणी. तेवढ्या वजनाच्या थायरॉक्सिनमधून ५०च्या २० हजार गोळ्या होतात. रोज एक घेणाऱ्या बाईला त्या ५४ वर्षं पुरतील. इतक्या थोड्या औषधातलं थोडं जरी वाया गेलं तरी हिशोब चुकतो.

ते वाया गेलं की नाही हे रक्ताच्या तपासणीत कळतं. टीएसएच नावाची ही तपासणी १९६० नंतरच्या दशकात शक्य झाली. यावरून आपल्याकडे मोठा घोळ आहे. टीएसएच ९ आला की बाई म्हणते, "माझा थायरॉईड वाढलाय." वाढलेला थायरॉईड नसतो, वाढलेली असते ती मागणी. टीएसएच मेंदूकडून येतो आणि ग्रंथीला सांगतो, रस सोड. कर्जाचा हप्ता थकला की बँकेच्या नोटिसा वाढतात ना? नोटिसा जास्त म्हणजे पैसे कमी. तसंच टीएसएच जास्त म्हणजे रस कमी. आणि टीएसएच अगदी खाली गेला तर बहुतेक वेळा गोळी जास्त होतेय असा अर्थ. रिपोर्ट हातात आला की हे उलटं गणित ध्यानात ठेवा.

आता अनशापोटीकडे येते.

रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीतलं साधारण ७० ते ८० टक्के औषध रक्तात जातं. पोटात अन्न असेल तर ते कमी होतं, आणि किती कमी होईल ते त्या दिवशी काय खाल्लं त्यावर. म्हणजे मेंढीच्या ग्रंथीचा जुना त्रास परत आला, रोज माप वेगळं. डॉक्टर रिपोर्ट बघून पॉवर वाढवतात, दोष मात्र पॉवरचा नसतो.

सगळ्यात मोठा प्रश्न चहाचा. २००८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी लिहिलं की त्यांच्या काही रुग्णांचा टीएसएच गोळी घेऊनही खाली येईना. चौकशी केली तर ते गोळीबरोबर किंवा लगेच नंतर कॉफी घेत होते. गोळी पाण्याबरोबर आणि कॉफी उशिरा, एवढं बदलल्यावर आकडा सुधारला. आपल्या चहात तर दूधही असतं, आणि दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं. म्हणून गोळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा कमीत कमी अर्ध्या तासानं, जमलं तर एक तासानं. शेतावरच्या बायकांना मी एक सुचवते. रात्री झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या आणि बाटली ठेवा. पहाटे डोळा उघडला की आधी गोळी. मग सडा, झाडलोट, धारा, पाणी भरणं. चूल पेटून चहा होईपर्यंत तास सहज जातो. ज्यांना उठल्या उठल्या चहा लागतो त्या म्हणतील, बोलणं सोपं आहे. त्यांच्यासाठी रात्रीची वाट आहे.

२०१० साली नेदरलँड्समध्ये एक प्रयोग झाला. ९० जणांनी तो पूर्ण केला. प्रत्येकाला सकाळी एक आणि झोपताना एक अशा दोन गोळ्या, त्यातली एक खरी आणि एक खोटी, कुठली कोणती ते कुणालाच माहीत नाही. तीन महिन्यांनी अदलाबदल. रात्री खरी गोळी घेतली तेव्हा रक्तातले आकडे थोडे चांगले आले. म्हणजे रात्री चालते. मात्र जेवणानंतर तीन तास गेलेले हवेत. आपल्याकडे नऊला जेवण आणि साडेनऊला अंथरूण, तिथे हे बसत नाही. ज्यांच्याकडे सातला जेवणं उरकतात त्यांनीच, आणि डॉक्टरांना सांगून. एक दिवस सकाळी, एक दिवस रात्री असं करू नका.

चहाएवढंच महत्त्व दुसऱ्या गोळ्यांना. लोहाच्या गोळीनं थायरॉईडच्या गोळीचा परिणाम कमी होतो हे १९९२ साली दिसलं. कॅल्शियमचं तसंच, हे २००० साली अमेरिकेत २० रुग्णांवर दाखवलं गेलं. लोह आणि कॅल्शियम आतड्यात या औषधाला चिकटतात आणि ते तसंच बाहेर जातं. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवायचं. गॅसच्या गोळीचंही लक्षात ठेवा. गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि गॅसची गोळी तेच कमी करते. ती रोज घेत असाल तर थायरॉईडच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. सोयाबीनच्या वड्या खायला हरकत नाही, पण गोळीनंतर लगेच नकोत.

आणि हे सगळं गरोदर बाईला सर्वांत जास्त लागू आहे. आपल्या गावात तिला आशाताई लोहाची लाल गोळी देतात, कॅल्शियम देतात, आणि तिची थायरॉईडची गोळी आधीपासून चालू असते. विसरू नये म्हणून ती काय करते? तिन्ही एका वेळी तळहातावर घेते आणि एका घोटात गिळते. तिच्या दृष्टीनं तिनं सगळं नियमानं केलं. पण थायरॉईडचं औषध बरंचसं फुकट गेलं, तेही अशा वेळी की जेव्हा तिला नेहमीपेक्षा जास्त लागतं. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचाच रस पुरवावा लागतो. कोखर यांच्या त्या मुलीचं काय झालं ते आठवा. म्हणून पाळी चुकली आणि गोळी चालू असेल तर वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, बहुतेक जणींची पॉवर वाढवावी लागते. घाबरून गोळी बंद करू नका, ती बाळाला बाधत नाही. लाल गोळी आणि कॅल्शियमही बंद करायचं नाही. थायरॉईडची पहाटे, बाकीच्या चार तासांनंतर, आणि लोह-कॅल्शियमसुद्धा एकमेकांपासून वेगळ्या वेळी. आशाताईंकडून कार्डाच्या मागच्या बाजूला वेळा लिहून घ्या.

बाळंतपणानंतर पॉवर पुन्हा पूर्वीइतकी करतात, तेव्हाही तपासणी चुकवू नका.

मिठाबद्दल एवढंच सांगते. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडिन देऊन गलगंड कमी करून दाखवला. त्यानंतर १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपण आयोडिनचं मीठ खातो ते त्यामुळे, आणि ते खाल्लंच पाहिजे. पण आज आपल्या बायकांमध्ये कमतरतेचं नेहमीचं कारण वेगळं आहे. अंगातली रोगाशी लढणारी ताकद चुकून आपल्याच ग्रंथीवर उलटते. जपानचे हाशिमोटो यांनी १९१२ साली चार बायकांमध्ये हा प्रकार प्रथम नोंदवला. ती झिजलेली ग्रंथी जास्त मीठ खाऊन भरून येत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो.

बाटली चुलीजवळ, खिडकीत उन्हात किंवा मोरीच्या फळीवर ठेवू नका. ऊन, उष्णता आणि दमट हवा यानं औषधाचा जोर जातो. झाकण घट्ट लावा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, आणि गोळ्या कुंकवाच्या डबीत काढून ठेवू नका. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर डॉक्टरांना सांगा, आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या. साठीच्या पुढच्या आणि हृदयाचा त्रास असलेल्या बायकांची गोळी अगदी कमी पॉवरपासून सुरू करतात. तेव्हा "शेजारणीला १००ची, मला २५चीच का" असं भांडू नका.

पुढच्या मासिक बैठकीला येताना ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी आपली बाटली आणि शेवटचे दोन रिपोर्ट पिशवीत टाकून आणा. आशाताई येणार आहेत. किती वाजता गोळी घेता, चहा किती वाजता, लाल गोळी आणि कॅल्शियम कधी, हे प्रत्येकीनं त्यांना सांगायचं आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वेळा मी लिहून देईन.